जखमेला आधी पाणी, मग मलम

मूल सायकलवरून पडून गुडघा फोडून आलं, विळीवर बोट कापलं, ठेच लागून अंगठ्याचं कातडं निघालं, की घरात एकच विचारणा होते: ट्यूब कुठे आहे? मग फ्रिजच्या दारातून नाहीतर टीव्हीखालच्या खणातून अर्धी पिळलेली, टोपण हरवलेली एखादी ट्यूब सापडते आणि धूळ-मातीसकट जखमेवर मलमाचा जाड लेप बसतो. लावणाऱ्याला हायसं वाटतं. जे सगळ्यात आधी व्हायला हवं होतं, ते मात्र राहूनच गेलेलं असतं. जखम धुतलेलीच नसते.

खरचटलेली किंवा वरवर कापलेली जखम बरी होते ती स्वच्छ धुतल्यामुळे आणि झाकून ओलसर ठेवल्यामुळे. अँटिबायोटिक मलमाला तिथे जागा आहे, पण ती आपण समजतो त्यापेक्षा बरीच लहान आहे. ती कुठे आहे आणि कुठे नाही, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असायला हवं.

रक्त येत असेल तर आधी ते थांबवा. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटं दाबून धरा आणि हात किंवा पाय वर उचलून ठेवा. थांबलं का हे बघायला दर मिनिटाला कापड उचललं की नुकतीच धरू लागलेली गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा वाहू लागतं. कॉफी, चुना, हळद, राख यांतलं काहीही दाबू नका. साध्या जखमेचं रक्त नुसत्या दाबानं थांबतं.

मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम धरा. पाच मिनिटं तरी धराच, माती-खडी शिरली असेल तर आणखी थोडा वेळ. भोवतालच्या कातडीला साबण लावा, जखमेच्या आत चोळू नका. पिण्याजोगं पाणी जखम धुण्यासाठी पुरेसं चांगलं असतं. नळाचं पाणी आणि दवाखान्यातलं सलाईन यांची तुलना करणारे अभ्यास झाले आहेत. स्वच्छ नळाच्या पाण्यानं धुतल्यामुळे साध्या जखमांत जंतुसंसर्ग वाढतो, असं त्यांत दिसलेलं नाही. विहिरीच्या किंवा टँकरच्या पाण्याची खात्री नसेल तर ते उकळून गार करून घ्या. बारीक खडे अडकले असतील तर ओल्या गॉजनं किंवा उकळून घेतलेल्या चिमट्यानं काढा. राहून गेलेला मातीचा कण संसर्गाला आमंत्रण देतोच, शिवाय कातडीखाली काळा-निळा डाग कायमचा सोडून जातो.

इथे घरातली वडीलधारी माणसं हमखास अडवतात. ‘जखमेला पाणी लावू नकोस, पाणी लागलं की पिकते.’ हा समज आला असावा तो ओढ्या-तळ्याच्या पाण्याच्या काळातून, आणि त्या पाण्यापुरता तो चुकीचा नव्हताच. स्वच्छ पाण्यानं जखम पिकत नाही. पिकते ती आत राहिलेल्या घाणीमुळे.

डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांचंही थोडं सांगायला हवं. झोंबलं म्हणजे औषध कामाला लागलं, असं आपल्याकडे मानतात. प्रत्यक्षात झोंबणारं द्रव्य जंतूंबरोबर आपल्या जिवंत पेशींनाही मारत असतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात काम करताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी हेच दाखवून दिलं होतं. खोल, वेड्यावाकड्या जखमांत जंतुनाशक ओतलं की कोपऱ्यांतले जंतू तसेच राहतात आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र मरतात. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा अजून दहा-बारा वर्षं होती. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालून डेटॉल किंवा सॅव्हलॉननं एकदा भोवतालची कातडी पुसली तर बिघडत नाही. रोज रोज, तेही पाणी न घालता, जखमेवर ओतलं तर ती भरायला उशीर होतो.

खपलीचा मोह

धुतल्यावर जखम उघडी ठेवायची, वारा लागू द्यायचा, ऊन दाखवायचं, म्हणजे ती सुकते आणि खपली धरते, हा दुसरा पक्का समज. सुकणं म्हणजेच बरं होणं, असं आपण धरून चालतो. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. कारण असं की कडेच्या पेशींना सरकत सरकत जखमेच्या मध्यापर्यंत पोहोचायचं असतं. तळ ओला असेल तर त्या सरळ पुढे सरकतात. वर टणक खपली असेल तर त्यांना तिच्याखालून, आणखी खोलातून वाट काढावी लागते.

म्हणून धुऊन, अलगद टिपून झाल्यावर जखमेवर साधी पेट्रोलियम जेली, जिला आपण सरसकट व्हॅसलीन म्हणतो, तिचा पातळ थर लावा आणि वरून निर्जंतुक गॉज किंवा बँडेड लावा. रोज एकदा, किंवा पट्टी भिजली-मळली तर लगेच, ती बदला. बदलताना चिकटली असेल तर पाण्यानं भिजवून सोडवा, ओढून काढू नका. दोन-तीन दिवसांनी जखमेच्या तळाशी पिवळसर, पातळ, बिनवासाचा थर दिसला तर घाबरू नका. तो बहुतेकदा पू नसतो. जखम भरताना झिरपणाऱ्या द्रवातली प्रथिनं तिथे साचतात. अनेक घरांत याच टप्प्यावर ‘पू झाला’ म्हणून गोळ्या सुरू होतात आणि त्यांची काहीच गरज नसते.

मग अँटिबायोटिक मलम कशासाठी?

आधी ही मलमं कोणती ते पाहू. सोफ्रामायसिनमध्ये फ्रामायसेटिन असतं. निओस्पोरिनमध्ये निओमायसिन, पॉलिमिक्सिन आणि बॅसिट्रासिन ही तीन अँटिबायोटिक्स एकत्र असतात. म्युपिरोसिन आणि फ्युसिडिक अ‍ॅसिड ही त्यामानानं नंतरची, जास्त नेमकी औषधं, आणि ती डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच वापरावीत. बीटाडीन या यादीत बसत नाही. ते आयोडीन असलेलं जंतुनाशक आहे, अँटिबायोटिक नव्हे. बोरोलिन हे बोरिक अ‍ॅसिड आणि झिंक ऑक्साइड असलेलं क्रीम. एका डब्यात राहणाऱ्या या ट्यूबा कामानं फार वेगवेगळ्या आहेत.

लहान जखमेवर अँटिबायोटिक मलम लावल्यानं खरंच फायदा होतो का? याचं उत्तर दोन अभ्यासांत चांगलं दिसतं, आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवूनच वाचायला हवेत. १९९६ साली अमेरिकेत त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या ९२२ रुग्णांच्या जखमांवर एका गटात बॅसिट्रासिन मलम आणि दुसऱ्या गटात साधी पेट्रोलियम जेली लावली गेली. जेलीच्या गटात २ टक्के जणांना संसर्ग झाला, मलमाच्या गटात ०.९ टक्के. हा फरक इतका लहान होता की तो योगायोगानंही येऊ शकला असता. मलमाच्या गटात चौघांना त्या मलमाचीच अ‍ॅलर्जी झाली, जेलीच्या गटात एकालाही नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा, १९९५ चा अभ्यास मात्र अपघात विभागात टाके घातलेल्या जखमांचा होता. तिथे जेलीच्या गटात १७.६ टक्के जखमांत संसर्ग झाला, बॅसिट्रासिनमध्ये ५.५ टक्के आणि तीन अँटिबायोटिक्सच्या मलमात ४.५ टक्के.

माझ्या मते यातून निघणारा अर्थ सरळ आहे. जखम स्वच्छ असेल, नीट धुतली असेल, तर जेली पुरते. रस्त्यावर पडून झालेली, माती-शेणात माखलेली, कडा फाटलेली जखम असेल, तर धुतल्यानंतर पहिले तीन-चार दिवस अँटिबायोटिक मलम लावण्यात शहाणपण आहे. नीट न धुता लावलेलं मलम मात्र कुठल्याच जखमेत भरवशाचं नाही.

हे मलम लावण्याचीही रीत आहे. आधी हात साबणानं धुवा. ट्यूबचं तोंड जखमेला लावू नका, कारण जखमेतले जंतू त्या तोंडावर बसतात आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच्या जखमेवर उतरतात. स्वच्छ गॉजवर किंवा कापसाच्या काडीवर वाटाण्याएवढं मलम घ्या आणि कातडी जेमतेम चमकेल इतका पातळ थर पसरवा. दिवसातून एकदा-दोनदा पुरे. प्रत्येक वेळी आधीचा थर पाण्यानं धुऊन काढा. लेपावर लेप चढवल्यानं औषध जास्त आत जात नाही, खाली घाण मात्र कोंडते. आठवड्यापेक्षा जास्त दिवस लावू नका. तीन दिवसांत सुधारणा दिसत नसेल तर ट्यूब बदलण्याऐवजी डॉक्टरांकडे जा. त्वचेचं मलम डोळ्यात कधीही घालू नका. मोठ्या, सोललेल्या भागावर निओमायसिन किंवा फ्रामायसेटिन चोळणंही धोक्याचं, विशेषतः लहान मुलांत. उघड्या कातडीतून ते रक्तात शोषलं जाऊ शकतं आणि कानांना व मूत्रपिंडांना इजा करू शकतं.

पावडरीबद्दल माझं मत ठाम आहे: ओल्या जखमेवर ती टाकू नये. झिरपणाऱ्या पाण्यात पावडर भिजते, तिचा पापुद्रा होतो आणि त्याखाली पू साचतो. वरून जखम कोरडी दिसते, आतून ती चिघळत असते. त्याहून वाईट म्हणजे पोटात घ्यायची कॅप्सूल फोडून किंवा गोळी कुटून तिची पूड जखमेत भरणं. गावोगावी हे अजूनही चालतं. त्या पुडीत औषधाबरोबर इतरही भरीची द्रव्यं असतात आणि ती जखमेसाठी बनवलेली नसतात. शिवाय पेनिसिलिन आणि सल्फा कातडीवर लावलं की त्यांची अ‍ॅलर्जी फार सहज जडते. म्हणूनच पेनिसिलिनची मलमं वैद्यकानं फार पूर्वी सोडून दिली. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की पुढे एखाद्या गंभीर आजारात तेच औषध देणं अवघड होऊन बसतं.

मलमाचीच अ‍ॅलर्जी ही दुर्मीळ गोष्ट नाही. २०१० साली अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं निओमायसिनला त्या वर्षीचा लक्षवेधी अ‍ॅलर्जीकारक म्हणून निवडलं होतं. ती अशी ओळखता येते: जखम भरत आलेली असते, पण भोवती लाल, खाजणारा, बारीक पाणीदार पुळ्यांचा पट्टा उमटतो. दुखणं कमी आणि खाज जास्त. घरचे समजतात की जखम पसरली, म्हणून मलम आणखी लावलं जातं आणि पट्टा आणखी वाढतो. असं दिसलं तर मलम तिथेच थांबवा. निओमायसिनची अ‍ॅलर्जी असलेल्याला फ्रामायसेटिनही सोसत नाही, कारण फ्रामायसेटिन हा निओमायसिनचाच एक घटक आहे. म्हणजे निओस्पोरिन सोसलं नाही म्हणून सोफ्रामायसिन लावून उपयोग नाही. कानात घालायच्या काही थेंबांतही निओमायसिन असतं, तेव्हा अशा माणसानं ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरांना सांगावी.

आणि एक तोटा असा आहे, जो एका घरात दिसत नाही, सगळ्या गावात मिळून दिसतो. जंतू औषधाला सरावतात. साधारण २००० सालाच्या सुमारास नॉर्वे आणि स्वीडनमध्ये लहान मुलांच्या पिकणाऱ्या पुरळाची साथ आली. त्या जंतूंवर फ्युसिडिक अ‍ॅसिड चालेनासं झालं होतं. म्युपिरोसिनचंही तसंच. मोठ्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या नाकातले हट्टी जंतू घालवायला ते रुग्णालयात लागतं. ते आपण मच्छर चावल्याच्या खुणेवर आणि मुरुमांवर लावून संपवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ट्यूबवरची बारीक अक्षरं

औषधाच्या दुकानात ‘जखमेवर काहीतरी द्या’ म्हटलं की कधी कधी अशी ट्यूब हातात येते, जिच्यात अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइडही असतं, आणि वर बुरशीचं औषधसुद्धा. ‘सगळ्यावर चालतं’ हीच तिची ख्याती. जखमेवर ते चालत नाही. स्टेरॉइड लाली आणि सूज दाबतं, त्यामुळे बरं वाटतं, पण नवी कातडी येण्याचं कामही ते मंदावतं आणि जंतूंना मोकळं रान देतं. गजकर्णावर लावलं तर चार दिवस खाज थांबते आणि मग ते मांडीवरून पोटापर्यंत पसरतं. आज आपल्याकडे गजकर्ण इतकं हट्टी झालं आहे, त्यात या मलमांचा मोठा हात आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सहज मिळतात. म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काहीही दिसलं तर ती ट्यूब जखमेसाठी नाही.

पावसाळ्यात भातखाचरात उभं राहून बोटांच्या बेचक्यात होतात त्या चिखल्यांवरही अँटिबायोटिक मलम लावू नका. तिथे पाय कोरडे ठेवणं आणि गरज पडली तर बुरशीचं औषध, हाच उपाय.

शेतातला दगडी पाला आणि घरातली हळद यांबद्दल अनादरानं बोलण्याचं कारण नाही. विळा लागला तेव्हा हाताशी दुसरं काहीच नसायचं, आणि पिढ्यान् पिढ्यांनी त्यावर भागवलं. पण पाल्यावर माती असते आणि मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात. स्वयंपाकघरातली हळदही निर्जंतुक नसते, शिवाय तिच्या रंगाखाली जखमेची लाली दिसत नाही. आता दहा रुपयांत गॉज मिळतो, तेव्हा हा धोका पत्करू नये. ‘आंबट खाऊ नको, पू होईल’, ‘भात बंद कर’ ही पथ्यंही सोडून द्या. नवी कातडी विणायला शरीराला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं. जखम झालेल्या मुलाला डाळ, अंडं, पेरू, आवळा, लिंबू आवर्जून द्या.

धनुर्वाताचं इंजेक्शन दर खरचटण्याला लागत नाही. लहानपणापासूनचे डोस पूर्ण असतील आणि जखम स्वच्छ, वरवरची असेल, तर शेवटच्या डोसला दहा वर्षं उलटली असतील तरच पुढचा डोस घ्यावा. माती-शेणानं माखलेल्या किंवा खोल जखमेसाठी ही मुदत पाच वर्षं धरतात. डोस कधी घेतला ते आठवत नसेल, तर घ्यावा. तारीख घरातल्या कॅलेंडरवर नव्हे, मोबाइलमध्ये लिहून ठेवा. कॅलेंडर दर वर्षी रद्दीत जातं.

जिथे मलम लावून घरी बसायचंच नाही, अशा जखमा मात्र नीट लक्षात ठेवा. कुत्रा, मांजर, माकड यांचा दात किंवा नख लागलं, अगदी ओरखडा उठला, तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना काही लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. रेबीज एकदा उमटला की त्यावर उपाय नाही, म्हणून इथे ‘बघू उद्या’ चालत नाही. भाजलं असेल तर वीस मिनिटं गार वाहतं पाणी. टूथपेस्ट, शाई, तूप काही नको. तळहातापेक्षा मोठं भाजलं किंवा चेहऱ्यावर भाजलं असेल तर डॉक्टर. खोल टोचलेला खिळा किंवा बाभळीचा काटा, कडा न जुळणारी जखम, सांध्यावरची जखम, दाबूनही न थांबणारं रक्त, या सगळ्यांना दवाखानाच. मधुमेह असेल तर पायाची कुठलीही जखम लहान मानू नका. तिथे संवेदना कमी असते, त्यामुळे आतलं बिघडलेलं दुखण्यातून कळत नाही.

मुंबई-कोकणातल्या वाचकांना आणखी एक सांगायचं आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. हे जंतू उंदीर-घुशींच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या छोट्याशा जखमेतून शरीरात शिरतात. पायाला खरचटलेलं असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर घरी येऊन पाय साबणानं धुवा आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. मलमानं हा आजार अडत नाही.

घरी उपचार चालू असताना रोज पट्टी बदलताना जखमेकडे नीट बघा. कडेला थोडी लाली आणि दुखणं पहिले दोन दिवस असतंच. त्यानंतर दुखणं वाढलं, ठणका लागला, लाली पसरत गेली, जागा गरम झाली, घट्ट दुर्गंधी पू आला, ताप आला, जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसली, किंवा काखेत-जांघेत अवधाण आलं, तर संसर्ग कातडीच्या पलीकडे गेला आहे. आता पोटातून अँटिबायोटिक लागेल आणि ते डॉक्टरच ठरवतील.

आज वेळ काढून घरातला औषधांचा डबा उघडा. मुदत संपलेल्या आणि टोपण नसलेल्या ट्यूबा फेकून द्या, स्टेरॉइड असलेल्या वेगळ्या काढा. निर्जंतुक गॉजची पाकिटं, कागदी चिकटपट्टी, बँडेड, सलाईनची एक छोटी बाटली आणि पेट्रोलियम जेलीची लहान डबी आणून ठेवा. अँटिबायोटिक मलमाची एकच ट्यूब ठेवा, आणि ती फोडाल त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनानं लिहा.